बुचं, गळ आणि शेततळ्यातला दोर



आज पिकाचं काही नाही. वावरात नांगरट पडलीय, ढेकळं तापतायत आणि दुपारी लिंबाखाली बसण्याशिवाय माणसाला काम नाही. म्हणून आज बुचावर लिहितो. वाइनच्या बाटलीचं बूच. आमचं केम कुंकवासाठी ओळखलं जातं, उत्तरेश्वराचं गाव आहे, तिथला शेतकरी बाटलीच्या बुचावर लिहायला बसला म्हणून काही जण हसतील. खुशाल हसा. पण ज्यांच्याकडं कागद टाकलेलं शेततळं आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

माझा पुतण्या पुण्यात एका मोठ्या हॉटेलात कामाला आहे. तिथं रोज बाटल्या उघडतात आणि बुचं कचऱ्यात जातात. त्याला लहानपणापासून काहीबाही गोळा करायची सवय. वर्षभर साठवली आणि दिवाळीला रेल्वेनं येताना पोतडी भरून घेऊन आला. केम स्टेशनवर पोतडीचं तोंड सुटलं, दहा-वीस बुचं फलाटावर घरंगळत गेली. ओळखीचे एक तात्या तिथंच बसले होते. म्हणाले, "काय रं, चुलत्यानं एवढ्या कवा रिचवल्या?" आमचे वडील माळकरी. मी मासं खातो, तेवढं माझं सुटलं नाही, पण बाटली आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नाही. तरी आठ दिवस गावात तीच चर्चा.

ओसरीवर ओतून मोजली तर ३४० भरली. हिनं विचारलं, "ह्याचं आता काय लोणचं घालायचं का?"

आधी निवडून घेतली, शेंगा निवडतात तशी. सगळी बुचं एक नसतात. १९० निघाली खऱ्या सालीची. त्यावर बारीक छिद्रं, उभ्या-आडव्या रेषा, एकासारखं दुसरं नाही. ५५ निघाली भुशाची, म्हणजे बुचाचा चुरा डिंकासारख्या पदार्थानं चिकटवून केलेली. शेंगदाण्याच्या चिक्कीसारखी दिसतात, आम्ही घरात त्यांना चिक्कीच म्हणतो. आणि ९५ निघाली प्लास्टिकची. ही फसवतात, काहींवर सालीसारख्या रेघा छापलेल्या असतात. पण कापून बघितलं की आत सगळीकडं एकसारखा फेस, बाहेर गुळगुळीत कातडी. तरीही शंका असेल तर तापलेला खिळा लावा. साल असेल तर जळक्या लाकडाचा वास येतो, प्लास्टिक असेल तर ते वितळून तार ओढतं.

खऱ्या बुचाबद्दल दहावीपर्यंतच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक ओळ होती, ती मला अजून आठवते. रॉबर्ट हूकनं १६६५ साली बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, त्याला मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं दिसली आणि त्यांना त्यानं पेशी म्हटलं. मास्तरांनी पाठ करून घेतलं होतं, पण बूच हातात कुणी दिलं नव्हतं. आता पन्नाशी उलटल्यावर हातात आलं. त्या घरांमध्ये हवा कोंडलेली असते, म्हणून ते तरंगतं आणि म्हणूनच दाबलं की दबतं. साधारण २४ मिलिमीटर जाडीचं बूच साडेअठरा मिलिमीटरच्या बाटलीच्या गळ्यात दाबून बसवतात. ते परत फुगायला बघतं आणि त्या जोरानं बाटली बंद राहते.

हे येतं कुठून? कॉर्क ओक नावाच्या झाडाच्या सालीतून. जगातलं निम्म्याच्या आसपास बूच एकट्या पोर्तुगालमधून येतं. झाड तोडत नाहीत, उन्हाळ्यात कुऱ्हाडीनं नुसती साल सोलून काढतात. पहिली सोलणी झाड पंचवीस वर्षांचं झाल्यावर. पुढची नऊ वर्षांनी. आणि बाटलीच्या बुचाला लागते तशी चांगली साल तिसऱ्या सोलणीला मिळते, म्हणजे झाड चाळिशी ओलांडल्यावर. सोललेल्या खोडावर त्या सालाचा शेवटचा आकडा रंगानं लिहून ठेवतात, नऊ वर्षं कधी भरतात ते कळावं म्हणून. मी हे वाचलं तेव्हा हिशोब करत बसलो. बाप लावणार, पहिल्या दोन सोलण्या सांभाळणार, आणि चांगली साल पोराच्या हातात पडणार. आपल्याकडं डाळिंबाला दोन बहार साधले नाहीत तर माणूस बाग उपटून टाकतो. सोसायटीच्या कर्जात तर असलं पीक बसणारच नाही, नऊ वर्षांनी हप्ता कोण घेतंय?

आणि एवढ्या वर्षांची ती साल एकदा बाटली उघडली की कचऱ्यात. ते बघून जिवाला बरं वाटत नाही, एवढंच माझं म्हणणं.

वाइन आता लांबची राहिलेली नाही. टेंभुर्णीवरून पुढं गेलं की अकलूज. तिथं माळशिरस तालुक्यात फ्राटेली कंपनीच्या वाइनच्या बागा आहेत. फ्राटेली म्हणजे इटलीच्या भाषेत भाऊ. इटलीचे, दिल्लीचे आणि अकलूजचे भाऊ-भाऊ मिळून ती काढलेली. त्याआधी नारायणगावला झाली, नाशिकला सुलाची पहिली वाइन २००० साली आली, पुढच्याच वर्षी राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा केवढा गदारोळ उठला ते सगळ्यांना आठवत असेल. पारावर दोन तट पडले होते. मी कुठल्याच तटात नव्हतो. माझं मत एवढंच, की वाइनच्या द्राक्षाला भाव मिळतो का ते बागवाल्याला विचारा आणि प्यावी का नको ते घरच्या बाईला विचारा. असो. सुलासारख्यांच्या बऱ्याच बाटल्यांना आता बूच नसतंच, फिरकीचं झाकण असतं. काही खऱ्या बुचांना कुबट वास धरतो आणि त्यापायी आख्खी बाटली वाया जाते, म्हणून प्लास्टिकची बुचं आणि झाकणं निघाली.

आता कामाचं.

पहिला उपयोग गळाला. आम्ही लहानपणी गळाला ज्वारीच्या धाटाचं भेंड लावायचो, नाहीतर मोराचं पडलेलं पीस. भेंड हलकं, फुकटचं, पण तासाभरात पाणी पितं आणि बसतं. वडीलधारे लोक जाळ्याला पांगाऱ्याच्या लाकडाचे तुकडे लावायचे, तेही असंच हलकं लाकूड. शहरात रस्त्याकडंला लावतात ते बुचाचं झाड, पांढऱ्या लांब दांड्याच्या फुलांचं, त्याच्या सालीलाही बुचासारखा गुण आहे म्हणून त्याचं नाव तसं पडलं. पण ती साल कमी प्रतीची. या खऱ्या बुचासमोर यातलं काही टिकत नाही.

सोनाराच्या काट्यावर दहा खरी बुचं ठेवली तर ३७ ग्रॅम भरली. एक बूच साधारण वीस घनसेंटीमीटरचं. म्हणजे पूर्ण बुडालं तर ते सोळा ग्रॅमचा भार वर धरतं. प्लास्टिकचं वजनाला जवळपास दुप्पट आणि थोडं बारीक, त्यामुळं ते अकरा-बारा ग्रॅमच धरतं. हा हिशोब लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आख्खं बूच चिलापीला लावू नका. चिलापी ओढते हळू, आमिष चाखून बघते. वर एवढं मोठं बूच असलं की तिला ओढ लागते आणि ती सोडून देते. बूच उभं चिरून चार फोडी करा, काचपेपरनं घासून दोन्ही टोकं निमुळती करा, भोवऱ्यासारखी. मधून बारीक भोक पाडा. सायकलच्या चाकाची तार घासून टोकदार केली की झालं. भोकात संपलेल्या पेनाच्या रिफिलीचा तुकडा बसवा, नाहीतर तंगूस बुचाला आतून कापतं. तंगूस ओवून वरून खराट्याची काडी ठोकली की हव्या त्या खोलीवर अडकतं. वरचा अर्धा भाग लाल रंगवा. माझ्या नातीनं स्वतःची नखाची लाली दिली, ती तेलरंगापेक्षा जास्त टिकली.

आख्खं बूच वाऱ्याच्या दिवशी आणि मोठ्या पाण्यावर. उजनीच्या फुगवट्यावर, केत्तूर-वांगीच्या बाजूला, दुपारनंतर वारा सुटला की लाटा येतात, बारीक भेंड दिसतच नाही. तिथं कटल्याला आणि शिंगट्याला आख्खं बूच. चिलापीला मात्र मी अजून मोराचं पीसच वापरतो, बुचाच्या फोडीपेक्षा ते जास्त हुशार आहे. बूच फुकट मिळालं म्हणून सगळीकडं तेच बरं असं नाही.

वजनाला शिसं लावतात सगळे. तुटलेल्या दोऱ्यासकट ते पाण्यात राहतं आणि पाखरं खडे म्हणून गिळतात. इंग्लंडात हंस मरायला लागले म्हणून १९८७ साली गळाच्या शिशाच्या गोळ्यांवर बंदी आली. आपल्या उजनीवर हिवाळ्यात रोहित येतात, ते चिखल उपसूनच खातात. मी लोखंडी नट लावतो, पंपाच्या पेटीत गंजके पडलेलेच असतात. आणि तुटलेलं तंगूस बाभळीवर सोडून येऊ नका, बगळ्याचा पाय अडकलेला मी बघितलाय.

चिक्कीची बुचं मी पाण्यात घालत नाही. सहा-सात घालून बघितली होती, एका पावसाळ्यात दाणे सुटायला लागले. त्यांचा उपयोग कोरड्यात. गळ टोचून ठेवायला उत्तम, खिशात हात घातला तरी लागत नाही. विळ्याच्या टोकाला, आरीला, छाटणीच्या कात्रीला एकेक बूच खोचून ठेवलंय. पुतण्या सह्याद्रीत किल्ले फिरतो, तो आधाराच्या काठीच्या टोकाला बूच लावतो, एसटीत कुणाला टोचायला नको म्हणून. गाडीच्या किल्लीलाही त्यानं दोन बुचं बांधलीत. किल्ली नदीत पडली तर तरंगावी म्हणून. त्याची किल्ली ३० ग्रॅमच्या आत आहे म्हणून दोन बुचांत भागतं. तुमची जड असेल तर आधी बादलीत टाकून बघा.

मोबाईलवर मात्र काहीही सांगतात. एका ठिकाणी बघितलं, बूच बारीक करून कुंडीत घाला, पाणी धरून ठेवतं. अहो, जे पाणी आत घेत नाही म्हणून त्याला बाटलीला लावतात, ते पाणी धरून कसं ठेवेल? मी एका कुंडीत घातलं, एका कुंडीत पाचट घातलं. पाचटाची कुंडी चौथ्या दिवशीही ओली, बुचाची दुसऱ्या दिवशी कोरडी. आच्छादन म्हणून आळ्यात पसरलं तर पहिल्या वळवानं सगळं बांधाला नेऊन लावलं. कुजतही नाही लवकर. प्लास्टिकचं तर मातीत टाकायचंच नाही. दुसरं सांगतात, बूच स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा, रानात चूल पेटवायला बरं पडतं. खरं बूच पेटतं, हे खरं आहे. पण स्पिरिटची बरणी उन्हात, पोरं आसपास, तिथं कशाला? आपल्याकडं तुराट्या कमी आहेत का? प्लास्टिकचं चुलीत अजिबात घालू नका, धूर घशात बसतो.

आता शेततळं.

माझं तळं ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल, ५०० मायक्रॉनचा कागद. २०१६ ला मागेल त्याला शेततळे योजना आली तेव्हापासून आमच्या भागात अशी तळी वाढली. त्यानं बागा जगल्या, कुणी नाकारत नाही. पण दर उन्हाळ्यात पेपरात बातमी येतेच. शेळ्या राखणारी पोरं, सुट्टीला मामाच्या गावाला आलेली पोरं, पाणी काढायला वाकलेली बाई. आणि पुष्कळदा एक नाही, दोन-तीन जणं, कारण एकाला काढायला दुसरा उतरतो.

जुन्या विहिरीत आणि शेततळ्यात फरक आहे. विहिरीला दगड आहेत, पायऱ्या आहेत, कपारीत बोटं घालता येतात. आम्ही पाठीला भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. कागदाच्या तळ्यात धरायला काही नाही. दोन वर्षांमागं माझी एक कालवड तळ्यात घसरली. तिघांनी कासरे टाकून ओढली तेव्हा निघाली. चार पायांचं जनावर, पण खूर कागदावर ठरत नव्हता.

त्यानंतर मी स्वतः उतरून बघितलं. कमरेला चऱ्हाट, वर दोन गडी. मला पोहायला चांगलं येतं, रोज अंगमेहनत आहे. तळं अर्धं भरलेलं. कडेला आलो, पाय कागदावर टेकवला, तो साबणावर ठेवल्यासारखा सटकला. पाण्याच्या रेघेखाली शेवाळाचा बारीक थर असतो, तो डोळ्याला दिसत नाही, पायाला कळतो. हातानं चढायला गेलो, ढोपरानं गेलो, पालथा पडून गेलो. पाच-सहा वेळा. एकदाही दोन हातांच्या वर चढलो नाही. दमछाक झाली तेव्हा गड्यांना म्हणालो, ओढा. चऱ्हाट नसतं तर मी पोहत राहिलो असतो, तेही किती वेळ?

कुंपण आणि कुलूप हे पहिलं, त्यावर वाद नाही. माझ्या तळ्याला जाळी आहे आणि किल्ली घरात खुंटीला आहे. पण जाळी फाटते, कुत्री खालनं उकरतात, पोरं त्यातनं शिरतात. आत पडलेल्या माणसाला धरायला काय, हा दुसरा प्रश्न. लोक दोर बांधतात. या बांधावरनं त्या बांधावर ताणून. तळं काठोकाठ भरलेलं असताना दोर बरोबर पाण्यावर असतो. मे महिन्यात पाणी खाली गेलं की तोच दोर डोक्याच्या वर दोन माणसं उंच. काय उपयोग? ढिला सोडला तर नायलॉनचा दोर पाण्यात बुडतो आणि तळाला जाऊन बसतो. बुडणाऱ्याच्या हाताला तो सापडणार नाही. पिवळा-निळा प्लास्टिकचा हलका दोर तरंगतो खरा, पण आपल्या उन्हात तो लवकर कुजतो, हातात धागे येतात. जिवाच्या कामाला तो नको.

इथं ही बुचं उपयोगाला आली.

दोर किती लांब घ्यायचा याचा हिशोब असा. माझ्या तळ्याचा उतार उभ्याला एक, आडव्याला दीड. वर ३० मीटर, तर तळाला २१ मीटर. दोन्हीकडचा उतार मोजला तर सुमारे ५.४ मीटर एकेक. म्हणजे या काठावरनं उतारानं खाली, तळातनं, पलीकडं वर, हे सगळं ३२ मीटरच्या आत बसतं. काठ ते काठ सरळ ३० मीटर. त्यामुळं ३२ मीटरचा दोर घेतला की तळं भरलेलं असो की आटलेलं, दोर पाण्याला टेकलेलाच राहतो. गाठींना दोन मीटर जास्त धरा. दहा मिलिमीटरचा नायलॉन दोर पाण्यात मीटरला दहा ग्रॅमसुद्धा भरत नाही. बूच एक सोळा ग्रॅम धरतं. फुटाला एक बूच लावलं की दोर आरामात वर.

आधी बुचालाच दहा मिलिमीटरचं भोक पाडून दोर ओवता येतो का बघितलं. दहांतली तीन चिरली. मग दुसरी रीत धरली. बुचाला बारीक तीन मिलिमीटरचं भोक, त्यातनं बारीक दोरी, आणि ती दोरी मोठ्या दोराला दर फुटावर गुंडाळून गाठ. बूच दोराच्या अंगाला चिकटून बसतं. हाताला मुठीसारखं लागतं आणि ओला दोर मुठीतनं सटकत नाही. हा फायदा मी आधी धरला नव्हता.

असे दोन दोर, तळ्यावर फुलीसारखे, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. २१० बुचं लागली. प्लास्टिकची सगळी ९५ आणि खऱ्यांतली ११५. मुद्दाम एकाआड एक लावली, कोण किती टिकतं ते बघायला. सहा महिन्यांचा अनुभव असा, की प्लास्टिकचं पाणी अजिबात पीत नाही, पण उन्हानं वरचं कातडं पांढरं पडायला लागलंय, नखानं खडूसारखं निघतं. तसं झालं की ते काढून टाकायचं, चुरा पाण्यात पडू द्यायचा नाही, तळ्यात रोहू-कटल्याचं बीज आहे. खरं बूच काळं पडलं, थोडं जड झालं, पण तरंगायचं सोडलं नाही. दोन बुचांना कावळ्यानं टोचलं.

दोर धरून माणूस तरंगेल, पण बाहेर कसा येणार? त्यासाठी दोराच्या चारही टोकांना मोटारसायकलच्या जुन्या टायरांची शिडी. टायर एकाखाली एक दोरानं बांधायचे, तार किंवा खिळा वापरायचा नाही, आणि ज्या टायरची आतली तार उघडी पडलीय तो घ्यायचा नाही, कागद फाटतो. शिडी तळापर्यंत सोडायची, वर कुंपणाच्या लोखंडी अँगलला बांधायची. शिडीजवळची पाच-पाच बुचं लाल रंगवलीत. दोर धरून लालाकडं सरकत जायचं, हे लहान पोराच्याही ध्यानात राहतं.

मी परत उतरून बघितलं, कमरेला चऱ्हाट होतंच. मधोमध जाऊन दोर धरला. दोर माझ्या भारानं वीतभर खाली गेला, पण धरून राहता आलं आणि हातावर हात टाकत कडेला आलो. टायरावर पाय ठेवला आणि वर आलो. लेकीची पोरं सुट्टीला आली की त्यांना एकदा बांधावर उभं करून सगळं दाखवतो. दाखवतो म्हणजे पोहायला परवानगी नाही, हेही त्याच वेळी सांगतो. थोरला नातू विचारत होता, "आबा, मग दोर कशाला बांधलाय?" त्याला म्हणालो, कुलूप कशाला लावलंय ते आधी सांग.

एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. हे वाचून कुणी बुचं ओवून अंगात घालायचं जाकीट करायला बसू नका. पूर्वी बुचाची जाकिटं असायची, हे खरं आहे. इंग्लंडात जीव वाचवणाऱ्या बोटींवरच्या खलाशांसाठी १८५४ साली कॅप्टन वॉर्ड यांनी बुचाचं जाकीट काढलं. १९१२ ला टायटॅनिक बुडाली तिच्यावरची जाकिटंही बुचाचीच होती. पण हिशोब करा. मोठ्या माणसाचं तोंड पाण्याबाहेर ठेवायला सुमारे सात किलोचा उचल लागतो. सोळा ग्रॅमनं भागा. सव्वाचारशेच्या वर बुचं लागतात, तीही सगळी खरी, सगळी छातीकडं नीट बसवलेली. पाठीकडं जास्त झाली तर माणूस पालथा होतो. माझ्या पोतडीतल्या सगळ्या ३४० बुचांनी एक माणूस धड तरंगला नसता.

२१ मे २०२४ ला आमच्याच करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उजनीत उलटली. सहा जण गेले. एक जण पोहत काठाला लागला. आमच्या भागात त्या आठवड्यात दुसरं बोलणं नव्हतं. उजनी भरली की ११७ टीएमसी पाणी, गावागावांमधले रस्ते त्या पाण्याखाली गेलेले, आणि पलीकडं जायला बोट हीच जवळची वाट. अशा बोटीत बसणाऱ्यानं बाजारात मिळतं ते नीट प्रमाणित जाकीट मागावं, आणि बांधावं. नुसतं मांडीवर घेऊन बसू नये. गळ टाकायला होडीतनं जाणाऱ्या हौशी लोकांनी तर आधी तेच घ्यावं, गळाची काठी मग.

पावसाळ्याआधी दोराच्या गाठी बघायच्या आहेत, उंदरानं एका ठिकाणी कुरतडल्यासारखं वाटतंय. टायर धुवायचेत, त्यांनाही शेवाळ धरतं. ७५ बुचं अजून शिल्लक आहेत, त्यांतल्या वीस पोरांनी गळासाठी पळवल्यात. तिसरा दोर कर्णावर टाकावा असा विचार आहे, पण त्याला शंभरावर आणखी लागतील. पुतण्या जूनमध्ये येतोय. फोनवर म्हणाला, "काका, यावेळी पोतडीत फिरकीची झाकणंच जास्त हायेत, ॲल्युमिनियमची. आणू का?"

आण म्हणालो. काय करायचं ते आल्यावर बघू.